हायड्रॉलिक तेलाची धार: टाचणीएवढी जखम, तातडीची शस्त्रक्रिया

उमरेड, गोंडेगाव अशा नागपूरजवळच्या खुल्या कोळसा खाणींत डंपर किंवा शॉव्हेल दुरुस्त करताना हायड्रॉलिक पाइपची गळती बोटाने चाचपू नका. पुठ्ठा धरून शोधा. दाबाखालची तेलाची धार हातमोजा भेदून कातडीखाली शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. इथेच फसगत होते. तेल आत पसरते, काही तासांत बोट सुजते, बधिर होते. उशीर झाल्यास ते कापावेही लागू शकते. फक्त धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी जाऊ नका. अंगठी काढा, जखम दाबू नका, काही खाऊ-पिऊ नका. भूल द्यावी लागेल. हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात लगेच, शक्यतो ६ तासांच्या आत पोहोचा. तेल कोणते आणि किती वाजता लागले, हे सोबतच्यांनी डॉक्टरांना सांगावे.