रेडियमच्या सुईपासून बटणाने विझणाऱ्या किरणांपर्यंत

#थ्रेड

१/
स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर बहुधा किरणोपचार घ्यावे लागतात. बाहेरून यंत्राने किरण देण्याची जुनी पद्धत म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे. रोह्याच्या स्त्रीसाठी याचा अर्थ दिव्याची गाडी, तिथून लोकल आणि मग परळ, पंचवीस वेळा. नाहीतर महिनाभर मुंबईत बिऱ्हाड. किरणांचा स्रोतच शरीरात नेऊन ठेवला तर? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे.

२/
विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगावरचा मान्य उपाय एकच होता: अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांची शस्त्रक्रिया. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढून टाकायच्या. रुग्ण वाचली तरी शरीर कायमचे विरूप होई.

३/
लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेफ्री केन्स यांनी १९२०च्या दशकात निराळी वाट धरली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे ते धाकटे भाऊ. रेडियम भरलेल्या सुया गाठीत व भोवती टोचून त्या काही दिवस तशाच ठेवायच्या. १९३७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: स्तन न काढताही रुग्ण जगतात. त्यांच्या समव्यवसायिकांना हे पचायला अनेक दशके लागली.

४/
पण रेडियम हा अवघड सोबती होता. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. सुईला तडा गेला तर रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू बाहेर पडे. त्याचे गॅमा किरण इतके भेदक की सुया टोचणारा डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघांनाही त्यांची मात्रा मिळत राही. रुग्णाच्या उपचाराची किंमत इतरांचे शरीरही मोजत होते.

५/
मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. रुग्णालयाच्या कल्पनेमागे ती वेदना होती. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय आणि अणुभट्ट्या एकाच विभागाखाली असणे हा योग पुढे महत्त्वाचा ठरला.

६/
कारण तोवर किरणोत्सर्गी पदार्थ खाणीतून शोधण्याऐवजी अणुभट्टीत घडवता येऊ लागले होते. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली होती. न्यूयॉर्कमध्ये उलरिश हेन्श्के यांनी इरिडियम-१९२ वापरात आणले आणि क्रमही उलटा केला: आधी शरीरात रिकाम्या नळ्या बसवायच्या, स्रोत मागाहून सरकवायचा. पुढे हे काम दूरनियंत्रित यंत्राकडे गेले आणि कर्मचारी भिंतीपलीकडे सुरक्षित झाले.

७/
मग तुलना सुरू झाली.
इरिडियम-१९२: अर्धायुष्य ७४ दिवस, किरणांची सरासरी ऊर्जा रेडियमच्या निम्म्याहून कमी. स्रोत तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो.
कोबाल्ट-६०: अर्धायुष्य सव्वापाच वर्षे. स्रोत वर्षानुवर्षे चालतो. मात्र किरण अधिक भेदक, म्हणून भिंती जाड हव्यात.
पॅलेडियम-१०३: अर्धायुष्य १७ दिवस, किरण सौम्य. त्याचे कण शरीरातच कायमचे ठेवता येतात.

८/
स्तनातील गाठीच्या जागेभोवती इरिडियम आणि कोबाल्ट यांची मात्रा जवळपास सारखीच पसरवता येते. म्हणजे निवड केवळ भौतिकशास्त्राची उरत नाही. नवा स्रोत दर तिमाहीला मागवणे परवडते का? जाड भिंतींची खोली बांधता येते का? लहान शहरातील रुग्णालयाला हेच प्रश्न आधी पडतात.

९/
टाटा रुग्णालयात १९८० ते २००० या काळात स्तन वाचवून उपचार झालेल्या १,०२२ स्त्रियांचा अभ्यास डॉ. केतायून दिनशॉ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तनाला बाहेरून किरण आणि गाठीच्या जागी जादा मात्रा. ती काहींना इरिडियमने, काहींना इलेक्ट्रॉन किरणांनी. पाच वर्षांनी ८७ टक्के स्त्रिया हयात होत्या. केन्स यांचा दावा मुंबईत खरा ठरला होता.

१०/
याच रुग्णालयात डॉ. जयंत वैद्य आणि सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या ३० स्तनांची बारकाईने तपासणी केली. १९९६ मध्ये निष्कर्ष आला: १९ स्तनांत मुख्य गाठीखेरीज कर्करोगाचे छुपे ठिपके होते, आणि त्यांपैकी १५ स्तनांत ते दूरच्या भागांतही होते. तरीही रोग उलटतो तो बहुधा मूळ गाठीच्याच जागी. मग सगळ्याच स्त्रियांच्या संपूर्ण स्तनाला किरण का द्यायचे?

११/
वैद्य यांनी लंडनमध्ये मायकेल बॉम आणि जेफ्री टोबायस यांच्यासोबत उत्तर शोधले. गाठ काढताच त्याच पोकळीत गोलाकार टोकाचे छोटे क्ष-किरण यंत्र ठेवायचे. पृष्ठभागावर २० ग्रे मात्रा. एक सेंटिमीटरवर ती ५ ते ७ ग्रेपर्यंत उतरते. पहिला उपचार २ जुलै १९९८ रोजी झाला. या स्रोताला अर्धायुष्यच नाही: बटण दाबले की किरण थांबतात.

१२/
वाद मात्र थांबला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांत रोग त्याच स्तनात उलटण्याचे प्रमाण या पद्धतीत २.११ टक्के, तर बाहेरून किरण दिलेल्यांत ०.९५ टक्के होते. समर्थकांच्या मते हा फरक नगण्य. टीकाकारांच्या मते दुर्लक्ष करण्याजोगा नाही. इरिडियमच्या नळ्यांनी केवळ गाठीच्या जागी किरण देण्याच्या युरोपीय चाचणीत (२०१६) हेच आकडे १.४४ आणि ०.९२ टक्के होते. तो उपचार चार-पाच दिवसांत आटोपतो.

१३/
आता एक आकडा. वैद्य यांच्या चाचणीत ४५ वर्षांखालील स्त्रियांना प्रवेश नव्हता. दिनशॉ यांच्या १,०२२ रुग्णांचे मध्यक वय होते ४३. म्हणजे त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी केवळ वयामुळेच या नव्या उपचाराच्या कसोटीबाहेर राहिल्या असत्या.

१४/
शंभर वर्षांत स्रोत बदलत गेला तसे सुयांचे दिवस मिनिटांवर आले आणि परिचारिका धोक्यातून सुटली. रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे रुग्णालय उभे राहिले. पंचवीस फेऱ्यांच्या जागी एक फेरी कुणाला पुरेल, हे मात्र यंत्र ठरवत नाही. ते रोह्याच्या त्या स्त्रीचे वय ठरवते, आणि गाठ किती लवकर दाखवली, ते ठरवते.