लिव्हर टॉनिकमधलं काटेरी तण आणि १९७४ चा मका

कोंबड्यांच्या लिव्हर टॉनिकच्या बाटलीवर 'सिलिमरिन' हा शब्द बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्याची गोष्ट जुनी आहे.

भूमध्य समुद्राच्या भागात मिल्क थिसल नावाचं काटेरी झाड तणासारखं उगवतं. जांभळं फूल, पानांवर दुधासारख्या पांढऱ्या रेषा. (आपला पिवळा धोतरा साधारण तसाच दिसतो, पण त्याचं बी विषारी. गल्लत नको.) सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीने याचा रस मधातून पित्तावर देतात, असं लिहून ठेवलं. १९६० च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी बियांतून सिलिमरिन वेगळं केलं.

काही विषांमुळे यकृताच्या पेशीत फ्री रॅडिकल तयार होतात आणि पेशीचं आवरण खराब करतात. सिलिमरिन त्यांना आवरतं. शिवाय डेथ कॅप या जंगली अळिंबीचं विष पेशीत शिरतं ती वाटही त्यातला सिलिबिनिन हा घटक अडवतो. म्हणून युरोपात अशा रुग्णांना तो शिरेतून देतात, पण लवकर द्यावा लागतो. सगळीकडे मात्र गुण येत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या चाचणीत हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना भरपूर मात्रा देऊनही फरक पडला नाही.

आता आपल्या शेजारचं. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या आदिवासी भागात अवेळी पावसात मका भिजला. बुरशी लागली, तरी घरात खायला तोच होता. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. त्या घरांतली कुत्रीसुद्धा आजारी पडली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. कारण निघालं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष.

परतीचा पाऊस आपल्याकडेही मका काढणीलाच गाठतो. टॉनिक पाजून बुरशीचा मका खपवू नका. भाजून-शिजवूनही हे विष पुरतं जात नाही. दाणा १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, काळी-हिरवी कणसं आधीच बाजूला काढा, पोती लाकडी फळ्यांवर रचा. बाजूला काढलेलं कोंबड्यांना, गाईम्हशींनाही घालू नका. दुभत्या जनावराच्या दुधात ते विष उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.