साताऱ्याचा सामना

सुटीच्या दिवशींचा क्रिकेटचा मित्रत्वाचा सामना म्हणजे निव्वळ करमणूक, असें आपण समजतों. परंतु असाच एक सामना समाजाच्या इतिहासांत नोंदला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदु संघांत बाळू पालवणकर हा डावखोरा गोलंदाज होता. जातीनें तो चांभार. गोऱ्यांच्या क्लबांत तो मैदानाची निगा राखी व साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकी. त्याचें कसब पाहून हिंदु संघानें त्यास घेतलें खरें. पण मधल्या सुटींत त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांतून येई आणि जेवणाचें पान निराळें मांडलें जाई.

हा संघ साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशीं खेळावयास गेला. बाळूचा चेंडू वळूं नये म्हणून यजमानांनीं आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी सपाट केली, असें सांगतात. तरीहि बाळूनें सात गडी बाद केले व संघ जिंकला. पुण्यांत त्याचा सत्कार झाला. ज्याच्यासह खेळतां त्याच्यासह खाणेंपिणेंहि करावें, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं संघाला बजावलें.

पुढें 1911 सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूनें 114 गडी बाद केले. तरी हिंदु संघाचें नायकत्व त्यास दिलें गेलें नाहीं. तें 1923 सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळालें.

ही हकीगत वर्गांत सांगितली कीं एखादा मुलगा हटकून विचारी, “गुरुजी, चेंडू विटाळत नव्हता, मग पेलाच कसा विटाळे?” त्याचें उत्तर मला कधींच देतां आलें नाहीं.