‘खाऊन प्यायले तर काही होत नाही’ : एका समजुतीचा इतिहास

पोटभर खाऊन प्यायले तर यकृताला काही होत नाही, ही समजूत भारतातल्या शहरांत आणि खेड्यांत सारखीच आढळते. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. विसाव्या शतकाच्या मध्यास जगातल्या नामांकित प्रयोगशाळांचे मतही जवळपास हेच होते.

दारूवरचा संशय त्याहून पुष्कळ जुना होता. लंडनचे मॅथ्यू बेली यांनी १७९३ मध्येच टणक, गाठाळ यकृताचा संबंध मद्यपानाशी जोडला होता. पुढे १८१९ मध्ये स्टेथोस्कोपचे जनक रेने लाएनेक यांनी अशा यकृताच्या पिवळट तपकिरी रंगावरून ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. परंतु दारू यकृत कसे बिघडवते, हे कोणालाच दाखवता आले नव्हते. मद्यपी बहुधा नीट जेवत नाही. मग दोष दारूचा की उपासमारीचा? १९४१ मध्ये आर्थर पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्याने सिऱ्होसिसच्या रुग्णांना सकस आहार आणि ‘ब’ जीवनसत्त्वे दिली. रुग्णांची प्रकृती सुधारली आणि पारडे उपासमारीच्या बाजूला झुकले.

निर्णायक शब्द आला तो चार्ल्स बेस्ट यांच्याकडून. बँटिंग यांच्यासह इन्शुलिन शोधणारे हेच बेस्ट. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिनवर जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी साठे. ती कोलीन या पोषकद्रव्याने रोखता येते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते. १९४९ मध्ये त्यांनी उंदरांच्या एका गटाला दारूमिश्रित पाणी दिले आणि दुसऱ्याला तितक्याच उष्मांकांची साखर दिली. दोन्ही गटांची यकृते सारखीच बिघडली आणि कोलीन दिल्यावर दोन्ही सावरली. निष्कर्ष असा निघाला की, साखरेपेक्षा वेगळे असे कोणतेही खास विष दारूत नाही.

भारतातला अनुभवही या मताला पूरक वाटावा असाच होता. प्रथिनांच्या अभावी क्वाशिओरकोर झालेल्या मुलांच्या यकृतात चरबी भरलेली आढळे. दारूचा थेंबही न चाखलेल्या बालकांना होणारा सिऱ्होसिस तर कोलकात्यातल्या डॉक्टरांनी १८८७ मध्येच नोंदवला होता. (त्या बालरोगाचा माग पुढे पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या दुधातील तांब्यापर्यंत पोहोचला. त्या संशोधनात पुण्याचा मोठा वाटा होता. पण ती कथा वेगळी.) योगायोग असा की, ज्या १९४९ मध्ये बेस्ट यांनी दारूला जवळपास निर्दोष ठरवले, त्याच वर्षी मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला आणि संविधान सभेने स्वीकारलेल्या संविधानात ४७ वा अनुच्छेद आला.

बेस्ट यांच्या प्रयोगातली खोट उंदरांच्या जिभेत होती. उंदरांना दारू आवडत नाही. पाण्यातून दिली तर ते जेमतेम पितात, आणि प्यायलेली झपाट्याने पचवूनही टाकतात. माणसाइतकी मात्रा त्यांच्या रक्तात टिकलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे चार्ल्स लिबर यांनी सहकारी डिकार्ली यांच्यासह यावर साधा उपाय काढला : सगळे अन्नच पातळ करायचे आणि दारू त्यातच मिसळायची. भूक लागली की उंदराला दुसरा पर्यायच नाही. एकूण उष्मांकांपैकी ३६ टक्के दारूतून आले, आणि आहारात काहीही कमी नसताना यकृतात चरबी साठली. १९६८ मध्ये व्यसन नसलेल्या स्वयंसेवकांना भरपूर प्रथिनांच्या आहारासोबत दारू दिल्यावर काही दिवसांतच तेच दिसले. शेवटी बबून माकडांना अर्धे उष्मांक दारूतून दिले गेले, तेही कित्येक वर्षे. १९७४-७५ च्या शोधनिबंधांत चरबी, मग दाह, मग काहींमध्ये सिऱ्होसिस अशी चढती पायरी मांडली गेली. अन्य प्रयोगशाळांना माकडांत सिऱ्होसिस प्रत्येक वेळी घडवता आला नाही आणि वाद पुढेही रेंगाळला. परंतु ‘सकस आहार म्हणजे कवच’ हा दावा त्यानंतर सावरला नाही.

कारण यकृताच्या रसायनशास्त्रातच होते. दारूचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते, आणि पेशीतला रासायनिक तोल असा ढळतो की चरबी जळण्याऐवजी साठू लागते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात दारू पचवणारी आणखी एक यंत्रणा जोर धरते. लिबर आणि डिकार्ली यांनीच ती १९६८ मध्ये मांडली होती. तिच्यातून ऑक्सिजनचे दाहक रेणू सुटतात. ‘मला आता चढत नाही’ या बढाईमागे काही अंशी हीच यंत्रणा असते. दीर्घकाळ दाह होत राहिला की यकृतातल्या ताराकृती पेशी व्रणतंतू विणू लागतात. शेंगदाण्यांची बशी यातले काहीच थांबवत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात. २०१० ते २०१३ या काळात देशातल्या ११ रुग्णालयांत नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा सिऱ्होसिसच्या कारणांत मद्य पहिल्या क्रमांकावर होते.

आणि आता ती जुनी समजूत उलटीच फिरली आहे. स्थूलता आणि मधुमेह यांमुळे आधीच चरबी धरलेल्या यकृतावर दारूचा मारा अधिक घातक ठरतो. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या दुहेरी आजारासाठी ‘मेटएएलडी’ असा स्वतंत्र वर्गच केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली होती. नव्या वर्गात मोडणारा रुग्ण उपाशीपोटी पिणारा नाही; तो चांगले खाऊन-पिऊन असलेलाच आहे.