सीमेवर मुका होणारा फोन : सिमकार्डापासून प्रवासी ई-सिमपर्यंत (थ्रेड)

परदेशप्रवासाला निघालेला माणूस आज तिकीट आणि व्हिसा झाल्यावर तिसरा प्रश्न विचारतो : कोणते ई-सिम घ्यावे? समोर जीबी, दिवस आणि रुपये यांचे तक्ते येतात आणि बहुतेक जण त्यातले सर्वांत स्वस्त उचलतात. या तक्त्यांमागे मात्र एक जुना वाद दडलेला आहे. सीमा ओलांडलेला ग्राहक नेमका कोणाचा? त्या वादाचा हा धागा.

सुरुवात १९८०च्या दशकातल्या युरोपात. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी १९८१-८२मध्ये एनएमटी नावाची सामाईक मोबाइल यंत्रणा उभारली होती. या चार देशांत फोन सीमेपलीकडेही चाले. उरलेल्या युरोपात ज्याची त्याची यंत्रणा वेगळी. पश्चिम जर्मनीतल्या मोटारीत बसवलेला फोन फ्रान्सच्या हद्दीत शिरला की मुका होई.

त्याच पश्चिम जर्मनीत मात्र एक दूरगामी कल्पना रुजत होती. १९८५च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सी-नेट्झ’ या सेवेत ग्राहकाची ओळख फोनमध्ये नव्हती. ती एका कार्डावर होती, आधी चुंबकीय पट्टीच्या आणि पुढे चिपच्या. कार्ड ज्या फोनमध्ये घालावे तो फोन त्या ग्राहकाचा. यंत्र आणि माणूस यांची फारकत इथे झाली आणि पुढचा सगळा इतिहास या फारकतीतून निघाला.

७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. सर्व युरोपात एकच डिजिटल यंत्रणा उभारायची, असे ठरले. हीच जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हार्री होल्केरी यांनी हेलसिंकीहून टाम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना या यंत्रणेवरून पहिला फोन केला. त्याच वर्षी ‘गीजेके अँड डेव्ह्रिएंट’ या म्युनिकच्या कंपनीने फिनलंडच्या ‘रेडिओलिंया’ला पहिली ३०० सिमकार्डे विकली. नोटा छापण्यात मुरलेल्या कंपनीने सिम घडवावे हे वरवर विचित्र वाटते. पण खोटे करता येऊ नये अशी ओळख तयार करणे हा तिचा पिढीजात धंदाच होता.

सिममध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, साधारणतः १५ अंकी ओळखक्रमांक. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५), पुढचे अंक कंपनी सांगतात. दुसरी, एक गुप्त किल्ली. ती कार्डाबाहेर कधीही पडत नाही. तिची दुसरी प्रत फक्त घरच्या कंपनीकडे असते.

समजा, पुण्याची एक प्रवासी पॅरिसला उतरली. तिचा फोन तिथल्या नेटवर्कला क्रमांक सांगतो. नेटवर्क अंक पाहून ओळखते की पाहुणी भारतातली आहे आणि तिच्या घरच्या कंपनीकडे विचारणा करते. घरून एक यादृच्छिक संख्या आणि तिचे अपेक्षित उत्तर येते. ती संख्या सिमला दिली जाते. सिमने गुप्त किल्ली वापरून तेच उत्तर काढले, तर पाहुणी खरी. किल्ली कोणालाही न दाखवता ती आपल्याजवळ असल्याचे सिद्ध होते. मग पॅरिसची कंपनी सेवा देते आणि हिशेब भारतातल्या कंपनीकडे पाठवते. याला रोमिंग म्हणतात. फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांनी १९९२मध्ये केलेला करार हा असा पहिला आंतरराष्ट्रीय करार मानला जातो.

रचना सुंदर होती. बिल भयंकर होते. पॅरिसची कंपनी या पाहुणीला ग्राहक मानत नाही. तिच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे भारतातली कंपनी. भारतातली कंपनी घाऊक दरावर आपला नफा चढवून बिल देते. प्रवासिनीला ना एकीशी घासाघीस करता येते, ना दुसरीशी. फोन आला तरी तिलाच पैसे पडतात. कारण फोन करणाऱ्याने पुण्याचा क्रमांक फिरवलेला असतो आणि पुण्याहून पॅरिसपर्यंतचा प्रवास कोणीतरी भरावाच लागतो. बाजारातली स्पर्धा दर खाली आणते, हे तत्त्व इथे लागू पडत नव्हते. जी पैसे मोजते तिला निवडच नव्हती.

युरोपीय संघाने हे ओळखले आणि २००७मध्ये थेट दरांनाच मर्यादा घातली. संघातल्या दुसऱ्या देशातून फोन करण्यासाठी मिनिटाला जास्तीत जास्त ४९ सेंट, फोन घेण्यासाठी २४ सेंट, कर वेगळा. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१०मध्ये हरल्या. तोवर डेटा हा नवा राक्षस उभा राहिला होता. ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल, तर डेटाचे मासिक बिल ५० युरोवर पोचताच सेवा तोडावी, असा नियम २०१०मध्येच लागू झाला. एका एमबीला ७० सेंट ही किरकोळ दराची कमाल मर्यादा २०१२मध्ये आली. म्हणजे मर्यादा घातल्यावरही ३ एमबीचे एक छायाचित्र घरी धाडायला २ युरोंहून अधिक! १५ जून २०१७ पासून मात्र संघातल्या संघात घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला.

हा दिलासा युरोपातल्या सिमधारकांपुरता होता. भारतीय, थाई किंवा ब्राझिली प्रवाशाला त्याचा उपयोग नव्हता. त्यांनी वेगळी वाट धरली : विमानतळावरच्या दुकानात रांग लावायची, पासपोर्ट दाखवायचा, स्थानिक सिम घ्यायचे, बारीक पिनेने फोनचा कप्पा उघडायचा आणि भारतातले सिम कागदात गुंडाळून पाकिटात ठेवायचे. हरवले तर हरवले. आणि बँकेचा ओटीपी नेमका त्याच सिमवर यायचा!

सिम डाउनलोड का करता येऊ नये? २०१० साली बातम्या आल्या की अॅपल फोनच्या आतच सिम बसवण्याचा विचार करत आहे. तसे झाले असते, तर ग्राहकाने कंपनी निवडायची ती फोन बनवणाऱ्याच्या पडद्यावर. युरोपातल्या मोबाइल कंपन्या खवळल्या. आयफोनवर देत असलेली सवलत बंद करू, असा इशारा त्यांनी दिल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले. बेत मागे पडला. ग्राहकाच्या सोयीचा मुद्दा या भांडणात फारसा कोणाच्या तोंडी नव्हता.

अखेर १९८७च्या करारातून वाढलेल्या ‘जीएसएमए’ या कंपन्यांच्याच संघटनेने २०१६मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ई-सिमचे मानक जाहीर केले. फोनच्या पाटीवर झाळलेली एक इवलीशी चिप, तिला ३२ अंकी स्वतंत्र क्रमांक. क्यूआर कोडमध्ये असतो तो फक्त सर्व्हरचा पत्ता आणि एक संकेत. खरी ओळख, म्हणजे तो जुनाच क्रमांक आणि तीच गुप्त किल्ली, सर्व्हरवरून कुलूपबंद होऊन चिपमध्ये उतरते. मानक ठरवतानाही आपले पारडे जड ठेवण्याचा मोह कंपन्यांना आवरला नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने चौकशी केली. २०१९मध्ये संघटनेने मानक ठरवण्याची पद्धत बदलण्याचे मान्य केल्यावर ती थांबली. २०२२मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४मधून सिमचा कप्पाच नाहीसा झाला.

आता मूळ प्रश्नाकडे. जपानसाठी घेतलेले प्रवासी ई-सिम पुष्कळदा जपानी नसतेच. विक्रेत्याने तिसऱ्याच देशातल्या एखाद्या कंपनीकडून घाऊक डेटा घेतलेला असतो आणि त्या कंपनीचा जपानी नेटवर्कशी रोमिंग करार असतो. म्हणजे १९९२ची तीच रचना, फक्त ‘घर’ भाड्याचे. म्हणूनच नव्या ई-सिमच्या ओळीवर ‘डेटा रोमिंग’ चालू ठेवावे लागते. भारतातल्या सिमवर मात्र ते कटाक्षाने बंद ठेवावे. ओटीपीच्या एसएमएसला डेटा लागत नाही. पण त्या सिमवर आंतरराष्ट्रीय सेवा सुरू आहे का आणि तिला किती पैसे पडतात, हे निघण्याआधी कंपनीला विचारलेले बरे.

या रोमिंगमध्ये डेटा बहुधा आधी ‘घरी’ जातो आणि तिथून इंटरनेटवर पडतो. टोकियोत बसून टोकियोचेच संकेतस्थळ उघडले, तरी मागणी परदेशी जाऊन परत येऊ शकते. पान रेंगाळते, बँकेचे अॅप ‘तुम्ही भलत्याच देशात आहात’ म्हणून अडवते. तेव्हा जीबीच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : तिथे कोणते नेटवर्क मिळणार आणि डेटा कोणत्या देशातून बाहेर पडणार. दुसरी माहिती विक्रेते सहसा ठळक छापत नाहीत. ‘अमर्याद’ असे लिहिले असेल, तर रोज किती जीबीनंतर वेग घटतो ते बारीक अक्षरांत शोधावे. मुदत ई-सिम उतरवल्यापासून मोजतात की परदेशात पहिल्यांदा जोडणी झाल्यापासून, हेही. बहुतेक ई-सिमना फोन करण्यासाठी क्रमांक नसतो. *#०६# फिरवल्यावर ३२ अंकी ईआयडी दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. मात्र तो एखाद्या कंपनीशी जखडलेला नसावा. क्यूआर कोड घरच्या वायफायवरच वापरून घ्यावा, आणि एकदा उतरवलेले ई-सिम चुकून पुसू नये. अनेकदा तो कोड दुसऱ्यांदा चालत नाही.

चीनला जाणाऱ्यांनी तर या ‘घरा’चा विचार सर्वांत आधी करावा. शांघायमध्ये चिनी सिम घातलेल्या फोनवर गूगल उघडत नाही. शेजारीच बसलेल्या पाहुण्याच्या फोनमध्ये हाँगकाँगच्या कंपनीचे ई-सिम असेल, तर त्याचा डेटा आधी हाँगकाँगला जातो आणि तिथून जगात पडतो. टॉवर बहुधा तोच असतो, पण त्याच्या फोनवर गूगल उघडते.