शब्दाआधीची संख्या

माणदेशातल्या जनावरांच्या बाजारात भाव ठरवण्याची एक जुनी रीत आहे. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि बोटे दाबून किंमत सांगतात. खरसुंडी-आटपाडीकडचा शेतकरी मराठी बोलणारा, समोरचे गिऱ्हाईक विजापूर-अथणीकडचे, कानडी बोलणारे. तरी सौदा अडत नाही. कोणत्या दाबाला किती समजायचे, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. संख्येला दर वेळी शब्द लागतोच असे नाही, हे आपल्याकडच्या निरक्षर माणसालाही पूर्वापार माहीत आहे. शाळेला मात्र ते उमगायला बराच काळ जावा लागला. तो काळ कसा गेला आणि सातारा-सांगलीकडे त्यातले काय काय घडले, याचा हा मागोवा.

आपली जुनी पंतोजींची शाळा मुख्यतः तोंडावर चालत असे. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे आणि उजळणी एका सुरात म्हणायची. नुसते पाढे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि थेट साडेतीनच्या पटीची औटकीसुद्धा! ही पद्धत टाकाऊ होती असे कोणी म्हणू नये. वाण्याचा हिशेब आणि कुलकर्ण्याचे दप्तर तिच्याच जोरावर चालले. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. शिकणाऱ्या मुलाच्या कानावर घरीदारी तीच भाषा, तेच आकड्यांचे शब्द सतत पडत असतात, असे ती मानून चालत होती. ज्याच्या घरी ते शब्द नाहीत, त्याच्यासाठी त्या शाळेत दुसरी वाट नव्हती.

अशी मुले आपल्याकडे थोडी नाहीत. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आजही जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत; घरी कानडी आणि शाळेत मराठी अशीही मुले तिथे आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली आहेत. त्यांचे मूल दोन वर्षे तमिळ मुलखात शिकते आणि मग विट्याच्या एखाद्या वर्गात येऊन बसते. हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या बंजारा घरांतली मुले गोरमाटी बोलतात. या सगळ्यांना गणित येत नाही, असा शेरा किती सहज मिळतो! खरे तर त्यांना अडते ते आकड्यांच्या नावांपाशी.

आणि मराठीतली आकड्यांची नावे सोपी नाहीत, हेही मान्य करायला हवे. कानडीत सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि सात. आधी दशक, मग एकक. जसे बोलायचे तसेच लिहायचे. मराठीत मात्र आधी ‘सत्ता’ आणि मग ‘वीस’. जे मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते, ते सरळ ७२ लिहून मोकळे होते. एकोणसाठ म्हणताना साठाचे नाव घ्यायचे आणि लिहायचे ५९. घरी मराठी बोलणारी मुलेही इथे अडखळतात, मग परभाषक मुलाची काय कथा? त्याच्यापुढे प्रत्यक्ष दहा-दहाच्या दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या ठेवल्या, तर तेच मूल क्षणात बरोबर सांगते. संख्या त्याला कळलेली असते. तिचे आपल्या भाषेतले नाव तेवढे यायचे असते.

नावाआधी वस्तू, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात पुढे आला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लँकेनबर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि लोकरीचे रंगीत चेंडू, आठ छोट्या ठोकळ्यांत विभागलेला घन अशी साधने तयार केली. त्यांना त्यांनी ‘देणग्या’ म्हटले. पुढे इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांचे सोनेरी मणी प्रसिद्धच आहेत. एक सुटा मणी म्हणजे एकक, तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक, अशा दहा तारांचा चौकोन म्हणजे शतक आणि दहा चौकोनांचा घन म्हणजे हजार. हजार ही एकाच्या किती पट मोठी, हे मुलाला हातात उचलूनच कळते.

हा विचार मराठी मातीत रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तिथल्या वारली मुलांची बोली वेगळी, आणि माँटेसरींची साधने म्हणजे न परवडणारा खर्च. तेव्हा या दोघींनी आजूबाजूलाच पाहिले. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, काड्या हीच त्यांची साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हाही त्यांचाच मार्ग. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लोकांच्या बोलण्यातल्या भेदांचा अभ्यास केला, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. दोन वर्षांनी कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. त्यांचा मुख्य भर वाचन-लेखनावर होता, अंकगणितावर नव्हे. पण मुलाच्या घरची बोली हा त्याचा दोष नसून तीच शिकण्याची सुरुवात आहे, ही त्यांची भूमिका गणिताच्या वर्गालाही तितकीच लागू पडते.

सरकारनेही साधने पुरवली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत शाळांना शैक्षणिक साहित्य मिळाले. पुढे काय झाले, हे त्या काळातल्या अनेक शिक्षकांना आठवत असेल. साहित्य साठा नोंदवहीत चढले आणि कपाटात गेले. हरवले तर भरून कोण देणार, ही भीती. मुलांच्या हाती न लागणारे साधन आणि भिंतीवरची देवाची तसबीर यांत शिकण्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

ही कोंडी फुटल्याचे एक उदाहरण सातारा जिल्ह्यातच घडले. २०१२ च्या सुमारास कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाची मांडणीच बदलली. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या रांगा गेल्या. फरशीवर रंगाने अंकांचे तक्ते आणि आकृत्या आल्या आणि मुले त्यांच्याभोवती गटागटाने बसू लागली. काड्यांच्या जुड्या, मणी, खडे, खेळातल्या नोटा अशा साध्या वस्तू त्यांच्या हातात आल्या. हरवले तर परत गोळा करता येईल असेच बरेचसे साहित्य. त्यामुळे कपाटाला कुलूप घालायचे कारणच राहिले नाही. राज्यभरातून शिक्षक हे पाहायला आले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कुमठ्याचे नाव सगळीकडे घेतले जात होते. पण कुमठ्याहून रंग नेणे सोपे, रीत नेणे अवघड! फरशी रंगवून झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. त्या फरशीवर बसून मूल काय करते आणि शिक्षक ते किती थांबून पाहतो, यावर सगळे अवलंबून असते.

आकड्यांच्या नावांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मोठा गदारोळ झाला, विधानसभेतही थट्टामस्करी झाली. मराठी बुडणार, असा सूर निघाला. नारळीकरबाईंचे म्हणणे साधे होते. जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी वाट दिली आहे. बाई २०२३ मध्ये गेल्या. त्या वादात एक मुद्दा मागे पडला, तो आज सांगावासा वाटतो. ‘एकवीस’ म्हणा की ‘वीस एक’, दोन्ही शब्दच आहेत. दोन जुड्या आणि एक काडी मुलाने हाताळली नसेल, तर दोन्ही सारखेच पोकळ.

मात्र साधनाला भाषा नसते, हेही पूर्ण खरे नाही. तक्त्यावर देवनागरी अंक काढले की भाषा आली. चित्रात बर्फाचा बाहुला काढला, तर तो माणच्या मुलाला अनोळखी आणि चिंचोके मात्र ओळखीचे. शिवाय वस्तू मुकी असते. मुलाने काड्या मांडल्यावर ‘कसे काय केलेस रे?’ असे कोणी तरी विचारावे लागते. त्याने उत्तर कानडीत दिले, गोरमाटीत दिले, तरी शिक्षकाला ते काड्यांवरून समजते. या साधनांचा खरा उपयोग इथे आहे. ती भाषेची जागा घेत नाहीत. भाषा येईपर्यंत मुलाला वर्गात टिकवून धरतात.

५ जुलै २०२१ पासून देशात ‘निपुण भारत’ अभियान सुरू आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि अंकज्ञान यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी चाचण्या होतील, तक्ते भरले जातील. ते जरूर व्हावे. पण जतच्या किंवा विट्याच्या वर्गातले एखादे मूल ‘सत्तावीस’ ऐकून गप्प बसले, तर त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ लिहिण्याआधी त्याच्यापुढे मूठभर काड्या ठेवून पाहाव्यात. त्याने दोन जुड्या बांधून सात काड्या बाजूला काढल्या, तर त्याला गणित येते. मराठीतले नाव शिकवायचे काम मग आपले.