फेस सांगतो ती फेणी

घाटावरच्या माणसाला फेणी म्हटलं की सुतरफेणी आठवते, गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याच्या माणसाला बाटली. दोन्हींचं कूळ एकच, संस्कृतातला ‘फेन’, म्हणजे फेस. मिठाईला नाव मिळालं ते रूपावरून. दारूला, असं मानतात, परीक्षेवरून.

बोर्दोची वीस-तीस वर्षं मुरलेली लाल वाइन पारखणारा पेला तिरका धरून कडेचा रंग बघतो. लालाचा विटकरी झाला की तिचं वय कळतं. भट्टीवाल्याला वयाचं काय? त्याला जोर बघायचा असतो. तो बाटली हलवतो, नाहीतर उंचावरून धार सोडतो, आणि वर जमणारे बुडबुडे निरखतो. दारू पाणचट असेल तर ते लगेच विरतात. फार जहाल असेल तरीही विरतात. मद्यार्क चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात असला की मात्र कडेला माळेसारखे टिकून राहतात. मेक्सिकोत मेझकल अशीच पारखतात आणि त्या बुडबुड्यांना चक्क ‘मोती’ म्हणतात.

फेणी म्हणजे काजूची असं आपण धरून चालतो, पण ही गाळपाची विद्या काजूपेक्षा जुनी. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ गोव्यात छापला गेला 1563 साली. त्यात माडाच्या सुरेपासून काढलेली दारू आहे: आधी उतरते ती ‘फुला’, म्हणजे फूल, आणि मागाहूनची ‘ओर्राका’. आपण ज्याला पहिल्या धारेची म्हणतो, तिला तेव्हा फुलाचं नाव होतं! ओर्राका आली अरबी ‘अरक’वरून, म्हणजे घाम, तापल्या भांड्याची वाफ थंडावून थेंब सुटतात, तोच हा घाम. वैद्याचा अर्क आणि गोव्याचा हुर्राक हे त्याच घरचे चुलतभाऊ.

ओर्ताच्या ग्रंथात काजू नाही. तो ब्राझीलचा, तिथल्या तुपी भाषेतला ‘अकाजू’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘काजू’ झाला. 1578 च्या ग्रंथात दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाव द कोस्ता काजूचं झाड कोचीनला पाहिल्याचं सांगतो. पुढे माडाची भट्टी काजूच्या बोंडूवर चालू लागली. गळून पडलेले बोंडू वेचायचे, तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा. पहिल्या गाळपाला उतरतो तो सौम्य हुर्राक. तोच रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. वास असा, की पिणाऱ्याला लपवता येत नाही.

सिंधुदुर्गाचं लक्ष मात्र बीवर. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 पासूनचं. तिथल्या काजूच्या जाती बागाबागांत पोचल्या. बी घरात येते, बोंडू बराचसा झाडाखाली कुजतो. मला हा करंटेपणा वाटतो.

2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते गोव्याचं म्हणून. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे कुणी रीतसर परवाना काढून, तशाच बोंडूची, कितीही निगुतीनं गाळली आणि तिचा फेस कितीही टिकला, तरी बाटलीवर ‘फेणी’ असं लिहून विकता येत नाही.